विहिरीचे आणे आणि माणसाचे मत

सामाईक विहिरीचा हिशेब खेड्यातल्या माणसाला शिकवावा लागत नाही. चार भावांच्या वाटण्या झाल्या, जमीन कमीजास्त वाट्याला आली आणि विहीर मात्र एकच राहिली, की कुणाचे सहा आणे, कुणाचे चार, उरलेल्या दोघांचे तीन-तीन असे सोळा आणे भरतात. त्याच मापाने पाण्याच्या पाळ्या लागतात. पूर्वी मोट होती, मग इंजिन आले, आता विजेची मोटार आहे. पाळीचे माप तेच राहिले. गाळ काढायचा झाला तर मजुरीही त्याच आण्यांनी पडते. सहा आणेवाला म्हणतो, माझा पैसा जास्त, तेव्हा गाळ केव्हा काढायचा ते मी सांगणार. तीन आणेवाला कुरकुरत का होईना, ऐकतो.

आता त्याच गावातल्या विकास सोसायटीच्या सभेला चला. तिथे वीस एकरांचा बागाईतदार आणि दीड एकराचा कोरडवाहू शेतकरी एकाच सतरंजीवर बसतात. ठराव मताला टाकला की दोघांचाही एकेकच हात वर होतो, आणि दोन्ही हात सारखेच मोजले जातात. बागाईतदाराचे शेअर जास्त असतील, त्याचे कर्ज मोठे असेल, त्याच्या दारात ट्रॅक्टर असेल; मत एकच.

म्हणजे एकाच गावात, त्याच माणसांत, मत मोजण्याच्या दोन रीती चालतात. एक आण्यांची आणि दुसरी डोक्यांची. आपण दोन्ही पाळतो, पण इथे ही का आणि तिथे ती का, असे कुणी कुणाला विचारत नाही. गेली वीस वर्षे मी इतिहास शिकवतो; मलाही हा प्रश्न कधी पडला नव्हता. तो पडला एका इमारतीच्या जिन्यात.

मंगळवेढा म्हटले की तुम्हांला दामाजीपंत आठवतात, चोखोबा आठवतात, कान्होपात्रा आठवते. काळ्या रानातली ज्वारी तर आठवतेच. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. इमारत, फ्लॅट, पार्किंग हे शब्द या गावाच्या नावाशेजारी नीट बसत नाहीत. पण आता ते आले आहेत. जुने वाडे पडले, भावाभावांच्या वाटण्या झाल्या, आणि वाड्याच्या जागी तळाला दुकाने आणि वर घरे अशा इमारती उभ्या राहिल्या. वाड्याचा मालक एक असे. भाडेकरूला तिथे मत नव्हते हे खरे, पण भांडायला समोर माणूस तरी एकच होता. इमारतीत सगळेच मालक. जिना सगळ्यांचा, गच्ची सगळ्यांची, पाण्याची टाकी सगळ्यांची, आणि म्हणून त्यांपैकी कशाचीच काळजी कुणा एकाला नाही.

मी राहतो ती इमारत अशीच आहे. तळमजल्यावर पाच दुकाने, वर तीन मजल्यांत बारा घरे. पाचही दुकाने दोन व्यापाऱ्यांची आहेत. बारा घरांपैकी तीन घरे बांधणाऱ्याने स्वतःकडेच ठेवली. उरलेल्या नऊ घरांत आम्ही नऊ कुटुंबे राहतो. एकूण मालक बारा. एका उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी चिरली, पाणी भिंतीतून झिरपू लागले. आम्ही नवी टाकी मागितली. दुकानदारांना दुकानांसमोर फरशी हवी होती. शिल्लक पैशात दोन्हींपैकी एकच काम होणार होते. जिन्यात सभा भरली. टाकीच्या बाजूने नऊ हात वर झाले, फरशीच्या बाजूने तीन. लिहिणाऱ्याने वहीत ‘टाकीचा ठराव मंजूर’ असे लिहिलेही. तेवढ्यात एका दुकानदाराने पिशवीतून एक कागद काढला आणि शांतपणे म्हणाला, “हात मोजू नका, टक्के मोजा.”

तो कागद म्हणजे इमारतीचे नोंदणी केलेले घोषणापत्र. घर घेताना आम्ही सगळ्यांनी त्यावर सह्या केल्या होत्या आणि कुणीही ते वाचले नव्हते. त्यात प्रत्येक दुकानापुढे आणि घरापुढे एकेक आकडा होता. दुकाने प्रत्येकी ६ टक्के, म्हणजे पाच दुकानांचे ३०. बांधणाऱ्याची तीन मोठी घरे प्रत्येकी ७, म्हणजे २१. झाले ५१. आमच्यांतली आठ घरे साडेपाच टक्क्यांची, म्हणजे ४४, आणि नववे, सगळ्यांत लहान, ५ टक्क्यांचे. झाले ४९. नऊ कुटुंबे हरली, तीन माणसे जिंकली. टाकी चिरलेलीच राहिली.

ते लहान घर एका काकूंचे आहे. यजमानांच्या पश्चात फंडाचे जे पैसे हातात आले ते सगळे त्यांनी त्या घरात घातले. सभा मोडल्यावर त्यांनी मला जिन्यात गाठले. “सर, तुम्ही इतिहास शिकवता. मला एवढं सांगा, माझं मत किती आण्याचं?” मी मनात हिशेब केला आणि म्हणालो, “पाच टक्के, काकू.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे एक आणाबी भरंना की.” खरेच भरत नव्हता. एक आणा म्हणजे सव्वासहा टक्के. काकूंचे मत जुन्या हिशेबाने तीन पैशांहून थोडे जास्त होते.

काकूंना तेव्हा मला उत्तर देता आले नाही. ते शोधण्यासाठी मला बरेच मागे जावे लागले, आणि तुम्हांलाही थोडे मागे यावे लागेल.

आपल्याकडे मराठ्यांच्या काळी आणि त्याआधीही गावाचा मोठा तंटा गोतसभेपुढे येत असे. वतनाचा वाद असो, शिवेचा असो, पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, बलुतेदार सगळे जमत. निवाडा झाला की महजर लिहीत, आणि ज्यांना लिहिता येत नसे ते आपापल्या धंद्याची खूण करीत. पाटलाचा नांगर तुमच्यांपैकी पुष्कळांनी अशा कागदांवर पाहिला असेल. बलुतेदारांच्या खुणा त्यांच्या हत्यारांच्या असत. शिक्षकांनी मुलांना असा एखादा महजर जरूर दाखवावा, मुले त्यावरून नजर काढत नाहीत. पण त्यात एक गोष्ट नसते. किती जण बाजूने आणि किती विरुद्ध, हे कुठेही लिहिलेले नसते. तिथे मोजणी नव्हती. सगळ्यांची खूण होईपर्यंत बोलणे चाले, आणि कुणाच्या बोलण्याला किती वजन हे बोलण्याआधीच ठरलेले असे. शिवेच्या वादात महाराची साक्ष मोलाची मानीत. पण साक्ष वेगळी आणि मत वेगळे. मंगळवेढ्याला तर हे वेगळे सांगायला नको. इथले गावकूस बांधताना ते कोसळले आणि त्याखाली चोखोबा गेले, असे परंपरा सांगते. साल १३३८ चे देतात. ज्या भिंतीच्या आत त्यांना घर नव्हते, ती भिंत ते बांधत होते.

डोकी मोजायची रीत आपल्याकडे आली ती दुसऱ्याच दाराने, आणि ते दार कायदेमंडळाचे नव्हते. ते होते कर्जाचे.

१८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या दारावर गेले आणि त्यांनी कर्जाचे कागद जाळले. दख्खनचा हा दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. सरकारने चौकशी केली, १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना लावला. आपले मंगळवेढे मात्र तेव्हा पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होते. पंढरपूरचा शेतकरी एका कायद्याखाली आणि इथला दुसऱ्याच अमलाखाली. असो. कायद्याने सावकाराचा हात थोडा धरला, पण शेतकऱ्याला बियाण्याला पैसा कुठून मिळायचा, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर सरकारने जर्मनीतून आणले. तिथे ऱ्हाईन नदीकाठच्या खेड्यांत रायफायझेन नावाच्या गृहस्थाने, तो खेड्यांचा कारभारी म्हणजे मेयर होता, गरीब शेतकऱ्यांच्या पतसंस्था चालवल्या होत्या. युक्ती साधी होती. एकट्या गरिबाला कुणी कर्ज देत नाही. पण गावातल्या तीस जणांनी मिळून कर्ज घेतले, आणि एकाने बुडवले तर बाकीच्या एकोणतिसांनी आपापल्या सगळ्या चीजवस्तूंनिशी ते फेडायचे असे लिहून दिले, तर सावकार काय, बँकही पैसे देते. याला अमर्याद जबाबदारी म्हणतात. शब्द कायद्याचा आहे, पण अर्थ घरचा आहे: शेजाऱ्याने बुडवले तर माझा बैल जाणार.

हिंदुस्थानात १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तो याच युक्तीवर. खेड्यातल्या संस्थांना अमर्याद जबाबदारी. मुंबई इलाख्यात १९०५ साली कणगिनहाळ या गावी पहिली संस्था निघाली. ते गाव तेव्हा धारवाड जिल्ह्यात होते, आता गदग जिल्ह्यात आहे. सिद्धनगौडा पाटील यांनी ती काढली. (बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य साहाय्यकारी मंडळी १८८९ सालीच काढली होती, कुठल्याही कायद्याची वाट न पाहता. मराठी माणसाने हे नाव विसरू नये.)

पुढे १९१२ साली कायदा नव्याने केला गेला, आणि त्याच्या तेराव्या कलमात आपल्या प्रश्नाचे मूळ सापडते. कलम दोन ओळींचे आहे. ज्या संस्थेत सभासदांची जबाबदारी अमर्याद आहे तिथे सभासदाचे भांडवल कितीही असो, त्याला एकच मत. जिथे जबाबदारी शेअरपुरती मर्यादित आहे, तिथे पोटनियम ठरवतील तितकी मते.

हे कलम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसलो. का एक मत? माणसे समान आहेत म्हणून, असे ते कलम म्हणत नाही. ते म्हणते, प्रत्येक जण आपले सगळे पणाला लावतो आहे म्हणून. वीस एकरवाल्याचे वीस एकर जाणार आणि दीड एकरवाल्याचा दीड एकर जाणार. पण दोघांचेही सगळे जाणार. सगळे हे दोघांचे सारखेच मोठे असते. ज्याची जोखीम पुरी, त्याचे मत पुरे. आणि जिथे माणूस शंभर रुपयांचा शेअर घेऊन शंभरच रुपये घालवू शकतो, तिथे कायद्याने सांगितले, तुमचे तुम्ही बघा.

त्या काळी कायदेमंडळासाठी मत कुणाला होते ते आठवून पाहा. १९०५ साली कणगिनहाळच्या शेतकऱ्याला कुठल्याही कायदेमंडळासाठी मत नव्हते. नंतर १९१९ च्या सुधारणा आल्या, पण मत मिळाले ते शेतसारा, प्राप्तिकर, मालमत्ता यांच्या मापाने. त्याच १९१९ साली डॉ. आंबेडकरांनी मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली आणि मालमत्तेच्या या मापाला हरकत घेतली. १९३५ च्या कायद्यानंतरही ब्रिटिश हिंदुस्थानातल्या शंभरांतल्या सुमारे चौदाच माणसांना प्रांतिक निवडणुकीत मत होते. सगळ्या प्रौढांना एकेक मत मिळाले ते राज्यघटनेने, आणि ते पहिल्यांदा पेटीत पडले १९५१-५२ साली. म्हणजे देशाच्या कारभारात डोकी मोजली जाण्याआधी जवळजवळ अर्धे शतक खेड्यातल्या पतपेढीत ती मोजली जात होती. सातवीच्या नागरिकशास्त्रात हे कुठे येत नाही. शिक्षकांनी तोंडी सांगावे.

आता शहरात येऊ. मुंबईत १९१५ साली गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. देशातल्या अशा पहिल्या संस्थांत तिचे नाव घेतात. तिच्यामागे रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी होते. त्यांनीच १९०६ साली शामराव विठ्ठल पतसंस्था काढली होती, तिची पुढे बँक झाली. मुंबईत नोकरीला आलेल्या माणसाला परवडणारी खोली मिळत नव्हती, तेव्हा जातभाईंनी मिळून जमीन घ्यावी, कर्ज काढावे, इमारत संस्थेची असावी आणि सभासदांनी संस्थेचे भाडेकरू म्हणून राहावे, अशी ती योजना होती. इंग्लंडात ती चालत होती. त्याच इंग्लंडात रॉचडेल गावच्या अठ्ठावीस जणांनी १८४४ साली दुकान काढून सहकाराचा पाया घातला होता, आणि त्यांचाही नियम असाच: पैसा कितीही घाला, मत एक. बायकांनाही.

खेड्यातल्या संस्थांची अमर्याद जबाबदारी पुढे गेली. गोरवाला समितीने ग्रामीण पतपुरवठ्याची मोठी पाहणी केली, धनंजयराव गाडगीळ त्या समितीत होते. १९५४ च्या अहवालाने मर्यादित जबाबदारीच्या मोठ्या संस्था काढाव्या असे सुचवले. शेजाऱ्याच्या कर्जापायी बैल जाण्याची भीती संपली. नियमाचे कारण गेले, पण नियम गेला नाही. महाराष्ट्राने १९६० चा सहकारी संस्था कायदा केला, तो २६ जानेवारी १९६२ रोजी अमलात आला, आणि त्याच्या २७ व्या कलमाने तो नियम सगळ्या सहकारी संस्थांसाठी मुख्य नियम करून टाकला. एक सभासद, एक मत. स्वतः येऊन द्यायचे, दुसऱ्याच्या हाती पाठवायचे नाही. मते समसमान पडली तर अध्यक्षाचे जादा मत. खेड्यातल्या कर्जातून निघालेला हा नियम मुंबई-पुण्याच्या बहुमजली इमारतींत जाऊन बसला. तिथल्या चार खोल्यांच्या मालकाला तो आवडत नाही. त्याला सांगावे, हा नियम तुझ्या गावाकडूनच आला आहे.

मग आमच्या जिन्यात टक्के कुठून आले? ते दुसऱ्या कायद्यातून आले. घर बांधून विकणाऱ्यांवर लगाम घालण्यासाठी महाराष्ट्राने १९६३ साली कायदा केला. घरे घेणाऱ्यांची सहकारी संस्था किंवा कंपनी करून द्यायची जबाबदारी त्याने बांधणाऱ्यावर टाकली. पण १९७० साली आणखी एक कायदा झाला, अपार्टमेंट मालकीचा. त्याची कल्पना अमेरिकेकडून आली. प्वेर्तो रिको बेटावर १९५८ साली असा कायदा झाला होता आणि पुढे तो अमेरिकेत पसरला. त्यात संस्था इमारतीची मालक नसते. प्रत्येक जण आपापल्या घराचा पुरा मालक, आणि जिना, गच्ची, जमीन यांत प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा. हा हिस्सा त्या घराची किंमत आणि साऱ्या मिळकतीची किंमत यांच्या प्रमाणात काढतात आणि घोषणापत्रात टक्क्यांनी लिहितात. खर्च त्या टक्क्यांनी, मतही त्या टक्क्यांनी, आणि बहुमत म्हणजे ५१ टक्के किंवा जास्त. दुकानाची किंमत घरापेक्षा चढी, म्हणून दुकानाचे मत चढे. मूळ कायद्यात तर हे टक्के कायमचे मानले होते; सगळ्यांची संमती असल्याशिवाय बदलायचे नाहीत.

तुमच्या लक्षात आले असेल. ही आपली सामाईक विहीर आहे. फक्त आण्यांच्या जागी टक्के आले.

दुकानदार खोटे बोलत नव्हता, हे मला मान्य करावे लागते. तो खर्चही जास्त देतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेत नेहमीचे सेवाशुल्क सगळ्यांना सारखे असते, म्हणून तिथे सारखे मत शोभते; आमच्याकडे तो शंभरांतले सहा देतो आणि काकू पाच देतात. ज्याने खर्च उचलला त्याला शब्द असू नये का? आणि संस्थेच्या रीतीतही अन्याय होतो. दहा घरांच्या मालकाला एक मत मिळते तेव्हा तोही म्हणतो, माझ्या दहा घरांची छपरे गळतात, मला एकच तोंड का?

तरीही विहीर आणि घर एक नव्हे असे मला वाटते. विहिरीचे पाणी जमिनीला जाते. जास्त जमिनीला जास्त पाणी लागते, तेव्हा आणे बरोबर. टाकीचे पाणी माणसाला लागते. लहान घरातल्या माणसाची तहान लहान नसते. दुकान बंद पडले तर दुकानदाराचे दुसरे दुकान चालू आहे. काकूंची भिंत पडली तर त्यांचे सगळे पडले. १९१२ च्या कलमाची कसोटी लावली तर आमच्या इमारतीत सगळे पणाला लावणारी माणसे नऊ होती, आणि तीच ४९ टक्क्यांत होती.

हे फक्त टाकीपुरते नाही. पुण्या-मुंबईत जुनी इमारत पाडून नवी बांधायची की नाही, हे सभासदांच्या मतांवर ठरते. सरकारने २००९ साली त्यासाठी सहकारी संस्थांना नियम घालून दिले, २०१९ साली ते सैल केले. आता सभेला दोन-तृतीयांश सभासद हजर हवेत आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती हवी. तिथले ५१ टक्के डोक्यांचे आहेत. आकडा तोच, पण मोजायची वस्तू वेगळी. कागदावर ५१ दिसले की कशाचे ५१, हे आधी विचारा.

शिक्षकांनी वर्गात एक खेळ करून पाहावा. मुलांना चिठ्ठ्या वाटा, काहींवर दहा एकर लिहा, पुष्कळांवर एकच. मग सहलीला कुठे जायचे यावर दोनदा मत घ्या, एकदा डोक्यांनी, एकदा एकरांनी. मुलांच्या घरचे खरे एकर मात्र विचारू नका. ते विचारायची गरज नाही आणि ज्याच्या घरी काहीच नाही तो पोर खाली बघतो.

आता ज्या इमारतींत डोकी मोजतात तिथेही कुणाची डोकी मोजतात ते पाहा. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतले तर मत दोघांना नसते. शेअर सर्टिफिकेटवर ज्याचे नाव पहिले, तो हजर असेल तर त्याचे मत. तो नसेल तर दुसऱ्या नावाचे. आणि पहिले नाव कुणाचे असते ते मी सांगायला नको. पाणी दिवसाआड आले की ज्या बाईला त्याचा त्रास होतो ती सभेत मागे उभी असते आणि ज्याला टाकीची उंचीही ठाऊक नाही त्याचा हात वर होतो. यात कायद्याची चूक थोडी आणि आपली जास्त. कारण पहिले नाव कुणाचे घालायचे हे कायदा सांगत नाही. ते आपण सांगतो.

ते वेगळ्या रीतीने करता येते, हे आपल्याच जिल्ह्याने दाखवले. सोलापूरच्या विडी कामगार बायकांनी कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी केली. संस्थेचे नावच कॉम्रेड गोदूताई परुळेकर महिला विडी कामगार सहकारी गृहनिर्माण संस्था. नरसय्या आडम मास्तर यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी कित्येक वर्षे मोर्चे काढले, आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंगांच्या हस्ते घरे दिली गेली. दिवसभर विड्या वळणारी बाई तिथे कुणाची बायको म्हणून दुसऱ्या नावाने नाही, सभासद म्हणून आहे.

काही बारीक गोष्टी सांगून टाकतो, कारण त्यांच्यावाचून वरचे सगळे वाया जाते. महाराष्ट्राने २०१९ साली सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळे प्रकरण घातले आणि अडीचशे सभासदांपर्यंतच्या संस्थांना आपली निवडणूक आपण घ्यायला मोकळीक दिली. म्हणजे कारभारही आपला आणि लबाडीही आपली. थकबाकी असेल तर समितीवर राहता येत नाही. तमिळनाडूत उत्तरमेरूर गावच्या हजार वर्षांपूर्वीच्या चोळ शिलालेखातही, ज्याने आपल्या कारकिर्दीचा हिशेब दिला नाही त्याला पुन्हा समितीवर घ्यायचे नाही असे लिहिले आहे. माणूस फारसा बदललेला दिसत नाही. आणि घर घेताना एकच प्रश्न विचारा: सोसायटी होणार की अपार्टमेंट? विकणारा म्हणेल, दोन्ही एकच. दोन्ही एक नाहीत, हे आता तुम्हांला ठाऊक आहे.

आमच्या इमारतीचे काय झाले, हे काकूंनीच परवा विचारले. अपार्टमेंटच्या कायद्यातून बाहेर पडायचे तर मूळ कायद्याने सगळ्या मालकांची सही लागते, आणि सगळ्यांत ते तिघे आले. टाकीला नऊ घरांनी वर्गणी काढून गिलावा करून घेतला. तो एक पावसाळा टिकला. दुकानांसमोर फरशी झाली, चांगली झाली, काकू संध्याकाळी तिथेच बसतात. घोषणापत्राची एक प्रत त्यांनी नातवाकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतली आहे. मधल्या काळात बांधणाऱ्याने आपल्या तीन घरांपैकी एक विकायला काढले आहे. सात टक्क्यांचे. ते कोण घेतो याची चौकशी काकू रोज जिन्यात करतात, आणि कुणी पाहायला आले की आधी चहा पाजतात.